पांढरी चारची पट्टी

"जावईबापू, हे काय आहे? मुंग्यांच्या लग्नाची वरात?"

सासऱ्यांनी, म्हणजे कीर्तनकार श्रीपादबुवा हर्डीकरांनी, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर त्यांच्याच एका पदाची स्वरलिपी उमटली होती. उमटली कसली, सांडली होती. मात्रेचे आठवे, सोळावे, बत्तिसावे तुकडे, त्यांना जोडणाऱ्या कमानी, कमानींच्या पोटात आणखी कमानी. आणि खालच्या ओळीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच सा लांबत गेलेला.

"हा सा कोणी एवढा ओढला? इतका दम माझ्यात असता तर मी हिमालयात नसतो का गेलो?"

"तो माझा आहे," सासूबाई आतून म्हणाल्या. "तुम्ही निरूपणाला लागलात की मी सा दाबून फटीत पुठ्ठा खोचते. तुमचं बोलणं संपेपर्यंत माझी एक डुलकी होते."

सांगलीजवळ हरिपूरला त्यांचं घर. सासूबाई, उज्ज्वलाताई, लग्न झाल्यापासून बुवांच्या कीर्तनाला पेटीची साथ करतात. पूर्वीची पेटी जाऊन आता मिरजेच्या एका कारागिरानं बनवलेली विजेवरची पेटी आली आहे. भाता तसाच, पट्ट्या तशाच, फक्त आत पितळी सुरांऐवजी तारा, आणि मागं सूर बारीक वर-खाली करायची एक चकती. ही पेटी प्रत्येक कीर्तनाची मिडी फाइल आपली आपणच जपून ठेवते.

मी कौस्तुभ. पुण्याच्या एका कंपनीत स्वरलिपीचं 'लहजा' नावाचं सॉफ्टवेअर तयार होतं, त्यात बाहेरची मिडी फाइल आत घेऊन तिचं लिखाण करायचा भाग माझ्याकडे. त्याचा सगळ्यात बदनाम भाग! त्यात मी लहानपणापासून कीर्तनवेडा. सभामंडपातल्या सतरंजीचा आणि बुक्क्याचा वास आला की अजूनही मला मांडी घालून बसावंसं वाटतं. गौतमीला बघायला आलो तेव्हा तिच्या वडिलांचं कीर्तन होतं, ते ऐकूनच मी होकार ठरवला, असा टोमणा ती अजून मारते. तो खोटा नाही.

तर बुवांच्या पदांचं पुस्तक निघायचं होतं. गुरुजींकडून आलेल्या चाली, स्वतः रचलेली पदं, सगळं स्वरलिपीसकट. प्रकाशन गावातल्याच लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळात, नृसिंह जयंतीला. आणि माझ्या हातात होती मुंग्यांची वरात.

मिडी फाइलीत आवाज नसतो. बोटांची हकीकत असते. कोणती पट्टी, केव्हा दाबली, किती जोरात, केव्हा सोडली. लिहिणाऱ्याला मात्र मात्रा हव्या, ताल हवा. माणसाची बोटं काही घड्याळाच्या ठोक्यावर पडत नाहीत, जराशी आधी पडतात, जराशी मागाहून. जुनी सॉफ्टवेअरं प्रत्येक सुराला जवळच्या चौकटीत ढकलून मोकळी व्हायची. चौकट मोठी ठेवली की हरकती मेल्या. बारीक ठेवली की वरात निघाली. त्यातून हे कीर्तन! बुवा पदाच्या मध्येच थांबणार, एका शब्दावर बोलत राहणार, दृष्टान्त देणार, पुढच्या रांगेत मोबाइल वाजला तर त्याला चिमटा काढणार आणि जिथं सोडलं त्याच मात्रेवर अलगद परत येणार. बिचाऱ्या सॉफ्टवेअरला वाटायचं, ताल आपला चालूच आहे.

आम्ही काढलेली नवी रीत सांगायला सोपी आहे. यंत्र एकाच फाइलीची हजारभर वाचनं करतं आणि प्रत्येक वाचन एका कल्पित वादकाला वाजवायला देतं. त्यानं वाजवलेलं आणि मुळातलं यांत जे अंतर पडेल ते बाजूला काढतं. त्याला आम्ही 'उरलेलं' म्हणायचो. वाचन बरोबर असेल तर उरलेलं सांडलेल्या मिठासारखं असतं, विखुरलेलं, कसलाही आकार नसलेलं. हाताची ती सहज थरथर. पण उरलेल्यात आकार दिसला, तर समजायचं की कागदावर यायला हवं असं काही अजून बाहेरच राहिलंय. मग यंत्र पुन्हा वाचायला बसतं. यासाठी फाइलीतलं काहीही टाकून द्यायचं नाही, असा नियम मी केला. भात्याचा दाब, सुराची बारीक जुळणी, ज्या गोष्टी जुनी सॉफ्टवेअरं सालपटासारखी फेकून द्यायची, त्या सगळ्या आत घ्यायच्या.

महिन्याभरानं नवं लिखाण घेऊन हरिपूरला गेलो. निरूपणाच्या जागी स्वच्छ मोकळी जागा. लांबलेला सा एका छोट्या खुणेत मावलेला. बुवांनी पान हातात घेतलं, गुणगुणायला लागले आणि एका ठिकाणी थांबले.

"अगं, ही जागा बघ. गुरुजींची आहे. मी कितीदा शिकवायचा प्रयत्न केला, कुणाला दाखवताच आली नाही मला."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती कागदावरून वाजवली. बुवांनी उपरण्यानं डोळे टिपले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या यंत्राला एक नारळ द्या माझ्यातर्फे. आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर पट्टी ठळक छापा. पांढरी चार."

पेटीवरची चौथी पांढरी पट्टी. तिला सा मानून गायचं, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलंच उंच. बुवांचे गुरुजी सांगायचे की कीर्तनकाराची पट्टी खाली आली की त्यानं गादी सोडावी, देवापुढे थकलेला आवाज ठेवू नये. नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलायचं नाही आणि पट्टी सांभाळायची, हे दोन नेम बुवांनी आयुष्यभर पाळले. सत्तरी उलटल्यावर तर दर कीर्तनात ते सांगायचे, "मंडळी, आजही पांढरी चार आहे. यात माझं काही नाही. ही त्याची कृपा." आणि सभामंडपातले लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा.

पुण्याला येऊन मी जुन्या-नव्या सगळ्या फाइली एकदम यंत्रात घातल्या. लिखाण सुरेख आलं. उरलेलं मात्र मिठासारखं नव्हतं. त्यात एक उतार होता. प्रत्येक कीर्तन म्हणजे एक ठिपका, आणि ते ठिपके वर्षानुवर्षं घाटातल्या वाटेसारखे खाली खाली चाललेले. यंत्रानं त्या उताराचा अर्थ लावला होता आणि नव्या पदांच्या डोक्यावर आपल्या मनानं छापलं होतं, 'काळी दोन'.

मला वाटलं, माझीच चूक. आठवडाभर ती शोधत बसलो. चूक नव्हती. बोटं पांढरी चारच दाबत होती, पण पेटीची बारीक जुळणी दर कीर्तनाला केसभर खाली सरकवलेली होती. एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एखादा भाग. एवढा फरक कुठल्याही कानाला कळत नाही. तसे भाग पाच-सहा वर्षं साचले होते आणि पांढरी चार पेटीवरच्या दोन घरांनी खाली येऊन काळी दोनवर बसली होती. विजेवरचा तानपुरा पेटीलाच जोडलेला, तोही बरोबर उतरलेला.

गौतमीला दाखवलं. तिनं ठिपक्यांचा उतार बोटानं खालपर्यंत गिरवला.

"म्हणून होय! मामाच्या घरी दुसऱ्याची पेटी घेतली की बाबा म्हणायचे, ही मेली चढी लागलीय."

मी एकटाच हरिपूरला गेलो. आई गच्चीवर सांडगे घालत होत्या. मी शेजारी बसलो, नुसतं म्हटलं, "आई, पेटीची ती मागची चकती..."

त्यांचा हात थांबला नाही. एक सांडगा, दुसरा, तिसरा.

"चहाडखोर आहे हो तुमचं यंत्र."

"कधीपासून?"

"त्यांचा घसा बसला होता बघा, तुमच्या लग्नानंतरच्या चातुर्मासात. डॉक्टर म्हणाले, ताण देऊ नका. हे घरी येऊन म्हणाले, पट्टी गेली तर गादी सोडीन. आणि गादी सोडून हा माणूस करणार काय? भाजी निवडणार? मला तर वाटलं, महिन्याभरात..." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "म्हटलं, थोडंसं. पेटी पुसता पुसता. मग आणखी थोडंसं."

"दिनकररावांना माहीत आहे?" दिनकरराव गुरव म्हणजे देवळाचे गुरव आणि बुवांचे तबलजी.

"त्यांना न सांगता कसं भागेल? तबला सुरात लावायचा त्यांना. एवढा उतरला की त्यांना मोठ्या तोंडाचा घ्यावा लागला. ह्यांना सांगितलं, जुना उंदरांनी खाल्ला." त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "तुम्ही काय छापणार?"

यंत्रातली एक ओळ काढून टाकली असती की झालं असतं. जुन्या सॉफ्टवेअरांसारखं जुळणीकडे दुर्लक्ष, आणि पुस्तकभर पांढरी चार. पण मग ते पुस्तक समोर ठेवून शिकणारी पोरं खऱ्या पांढरी चारला घसे फोडणार होती. आणि खरं छापलं तर बुवा गादी सोडणार होते. मी भित्रेपणा केला. पट्टीची चौकट मोकळी ठेवून मुद्रितं पाठवली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं हरिपूरला होतो. बुवा झोपाळ्यावर बसून मुद्रितं तपासत होते.

"जावईबापू, पट्टी राहिली हो छापायची."

मी झोपाळ्याच्या कडीकडे पाहिलं.

"प्रत्येक पानावर राहिलीय. एखाद्या पानावर राहिली तर चूक म्हणायची." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग गौतमीकडे. ती नखं बघत होती. "काय लपवताय दोघं?"

"काळी दोन लिहा," आई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात बुवांची ताकाची वाटी. "त्यांना कशाला विचारता? मी केलंय. काळी दोन लिहा."

मग त्यांनीच सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच. बुवा ऐकत होते. झोपाळा थांबला होता. ते उठले, पेटीपाशी गेले, मागची चकती मूळच्या खुणेवर आणली आणि पांढरी चार दाबून गायला लागले. मध्यमापर्यंत आवाज छान गेला. पंचमाला कापरा झाला. तारसप्तकातल्या सा ला तो फुटला. बुवांनी पेटीचं झाकण लावलं.

"गादीवरून. इतकी वर्षं. मी गादीवरून खोटं बोललो."

"तुम्ही बोललात," आई म्हणाल्या. "मी नुसती पेटी वाजवली."

"चेष्टा सुचतेय तुला?"

"नाही हो. रडायला येतंय, म्हणून."

"अख्खं गाव टाळ्या वाजवायचं, अगं! कृपा कृपा म्हणत होतो मी. कोणाची कृपा? चकतीची?"

"माझी म्हणा हवं तर. त्यानंच सुचवलं असेल मला."

"त्याला यात ओढू नकोस." बुवांनी उपरणं खुंटीला अडकवलं. "उत्सवाला दुसरे बुवा बघायला सांगा. आणि पुस्तक राहू दे."

ती वाटी तशीच राहिली.

पुण्यात ऑफिसात वेगळाच गोंधळ माझी वाट बघत होता. नवं 'लहजा' आम्ही थोड्या वादकांना वापरायला दिलं होतं, आणि ठिकठिकाणी उरलेल्यातून काहीबाही बाहेर येत होतं. इंदूरच्या एका नृत्यशिक्षिकेला कळलं की तिचा गुडघा दुखायला लागल्यापासून तिचा पेटीवाला लय दरवर्षी किंचित संथ करतोय. एका नाट्यगायकाचं आपल्या साथीदाराशी बोलणंच तुटलं, कारण त्याचा चुकलेला सूर झाकायला साथीदार नेमका तिथं भाता जोरात मारायचा, हे कागदावर आलं.

"हे बरोबर वाचतंय की नाही?" आमच्या प्रमुख, शर्वरी मॅडम, म्हणाल्या.

"बरोबरच वाचतंय."

"मग दुरुस्त काय करायचंय?"

"कोणाला दाखवायचं ते," मी म्हटलं. "साथीदारानं गाणाऱ्यासाठी काही केलं असेल, तर ते आधी साथीदारालाच दिसावं. छापायचं की नाही, सांगायचं की नाही, हे तो ठरवील. आपण परस्पर पानाच्या डोक्यावर छापायचं नाही."

"आणि त्यानं कधीच सांगितलं नाही तर?"

"तर नाही सांगितलं."

"सॉफ्टवेअर सुधारायला घेतलं होतंस, तू त्याला संस्कार लावतोयस," त्या म्हणाल्या, पण मान्य केलं. आमच्या घरापुरता तो नियम उशिरा आला होता.

मी बुवांसाठी आणखी एक खटपट केली. त्यांचं सगळ्यात जुनं कीर्तन आणि यंदाचं, दोन्हींचा सा एका जागी आणून एकावर एक ठेवलं. लय तीच. हरकती त्याच. अर्थाच्या शब्दाआधीचं थांबणं तेवढंच. ते पान घेऊन त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, सा सोडून काहीच खाली आलेलं नाही."

बुवांनी ते लक्षपूर्वक पाहिलं. रागही गेला होता आता, नुसते थकलेले दिसत होते.

"सा सोडून, होय? जावईबापू, सा सोडून गाण्यात काय उरतं हो?"

मी पान घडी करून खिशात घातलं.

दुसरे बुवा काही मिळाले नाहीत. नृसिंह जयंतीला सगळीकडेच कीर्तनं. दिनकरराव येऊन ओट्यावर बसले. "बुवा, जन्माचं कीर्तन या देवळात कधी चुकलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा. तबल्याला उंदीर मीच लावले."

बुवांना हसू आवरलं नाही. मग म्हणाले, "येईन. निरूपण करीन, आख्यान सांगीन. गाणार नाही." आणि आईंकडे न बघता म्हणाले, "पेटी नको."

आईंनी पेटी आणलीच. "सेवा देवाची आहे, तुमची नाही," म्हणाल्या आणि नेहमीच्या जागी, बुवांच्या डाव्या हाताला, बसल्या.

नृसिंहाचा जन्म सूर्यास्ताचा. उन्हं कलायला लागली तशी माणसं जमली. बुवा गादीवर उभे राहिले. नामघोष लोकांनीच केला, बुवांनी नुसते हात जोडले. मग म्हणाले,

"मंडळी, आधी एक सांगायचं राहिलंय. मी इथं उभं राहून दर वर्षी पांढरी चारचं सांगत आलो. ते खरं नव्हतं. आवाज कधीच खाली आलाय. मला माहीत नव्हतं, पण न कळता बोललं म्हणून खोटं खरं होत नाही. तुमच्या टाळ्या मी घेतल्या. आज त्या परत करायला आलोय."

आईंची मान खाली होती. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बुवा, आम्हाला काय कळतंय त्यातलं! तुम्ही म्हणाल ती पांढरी चार!" आणि सगळे हसले. बुवा हसले नाहीत.

त्यांनी प्रल्हादाचं आख्यान सुरू केलं. सुंदर बोलत होते. पण त्यांचं कीर्तन ज्यानं ऐकलंय त्याला कळत होतं की गाडी पुन्हा पुन्हा एका उंबऱ्याशी येऊन थांबतेय. हिरण्यकशिपू गदा उचलतो, खांबाकडे बोट दाखवतो, विचारतो की यात आहे का तुझा देव. इथं पद यायचं, बुवांनी स्वतः रचलेलं. बुवांनी ते नुसतं म्हणून दाखवलं.

"हाक मारिली बाळाने, खांब तडकला गे. ऐकणारा आत होता, आता कळले गे."

आणि पुढं बोलायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आवळेकर आजींनी हात वर केला.

"ओ बुवा, पद वाचून दाखवताय व्हय? लग्नपत्रिका वाचल्यागत?"

"आजी, आज गाणं नाही."

"तुमचं नसंल. आमचं का न्हाई?" आणि आजींनी सुरू केलं. आवाज कापरा, खोल, सा कुठला तो त्यांचा त्यांनाच ठाऊक. शेजारच्या बाईनं साथ दिली, मग पलीकडच्या. दर वर्षी ऐकलेलं पद, सगळ्यांना पाठ. बघता बघता सभामंडपाची बायकांची बाजू गायला लागली. त्यांचा सूर काळी दोनच्याही खाली होता, कुठल्याच पट्टीवर नीट न बसणारा, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत.

दिनकररावांनी हातोडी काढली आणि भर कीर्तनात तबला उतरवायला बसले, ठक, ठक, ठक. आईंनी बुवांकडे पाहिलं. मग पेटी पुढं ओढून तिची मागची बाजू लोकांसमोर केली आणि सगळ्यांच्या देखत चकती फिरवली. थोडी. कान देऊन ऐकलं. आणखी थोडी. पेटी त्या गर्दीच्या सुरात जाऊन मिसळली, दुधात साखर विरघळावी तशी.

बुवा उभेच होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. आधी बोटं धोतरावर ठेका धरायला लागली. मग त्यांनी चिपळ्या उचलल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड उघडलं. पोटातून आलेला तो भरीव सूर बायकांच्या आवाजाखाली पसरला आणि आजींचा कापरा त्यावर टेकून स्थिर झाला. सूर्य मावळायला आला होता. पुजारी गाभाऱ्याच्या पडद्याची दोरी धरून उभे होते, पद कधी शिगेला जातंय याची वाट बघत.

शेवटच्या कडव्यात चाल वर चढते. प्रल्हादाची हाक तारसप्तकात आहे. बुवा सहज वर गेले, एकटेच. बायकांचे आवाज वाटेत गळाले. आजी खोकायला लागल्या, तरी हातानं ताल सोडेनात. बुवांनी आजींकडे पाहिलं आणि हाक अर्ध्यावर तोडली. चिपळ्या थांबल्या. ते आईंकडे वळले. गादीवर असताना ज्या माणसानं त्यांना कधी नजरेनंही हाक मारली नव्हती, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"अगं, आजींना वर पोचत नाहीये. अजून जरा खाली घे."

आईंनी चकतीवर बोट ठेवलं. "इतकं?"

"अजून."

"एवढं?"

"हां. इथं सगळे येतील."

दिनकररावांनी पुन्हा हातोडी घेतली. बुवांनी आजींना खूण केली, तुम्ही उचला. आजींनी उचललं आणि या वेळी हाक मारायला सगळा सभामंडप वर गेला. पुजाऱ्यांनी पडद्याची दोरी ओढली.